‘कार्टूनच तर आहे!’ : लहान मुलांना सिनेमा दाखवण्याआधी

पालकसभा संपली की दोन-चार अम्मी नेहमी मागे थांबतात. अभ्यासाचं, हजेरीचं, गणवेशाचं बोलून झालेलं असतं. मग हळूच खरा विषय निघतो. "सर, हा टीव्ही फार बघतो हो." आम्ही विचारतो, काय बघतो? उत्तर ठरलेलं असतं, "तसलं काही नाही, कार्टूनच बघतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दिलासा असतो. नाचगाणी नाहीत, शिवीगाळ नाही, दादीसमोर चॅनल बदलावं लागेल असं काही नाही. चित्रातले प्राणी आहेत, रंग आहेत, मग हरकत काय?

आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो. बी.एड. करताना बालमानसशास्त्राचा पेपर दिला होता, घरात स्वतःची मुलं वाढवली होती, रोज शे-दीडशे मुलांच्या सहवासात होतो. तरीही एक चूक आमच्या हातून झालीच. त्या चुकीतून जे शिकलो ते आज वाचकांसमोर ठेवत आहोत, म्हणजे निदान तुमच्या घरात ती होऊ नये.

चूक आमचीच

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. आम्ही एरवी वरच्या वर्गांना शिकवतो, पण त्या दिवशी प्राथमिकचे दोन शिक्षक रजेवर होते, म्हणून पहिली-दुसरीची मुलं आमच्याकडे सोपवली गेली. अभ्यासाला कोणाचंच मन नव्हतं. शाळेत प्रोजेक्टर होता. आम्ही ‘द लायन किंग’ लावला, हिंदीत डब केलेला. सगळ्या जगानं पाहिलेला सिनेमा, सिंहाच्या छाव्याची गोष्ट. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं वाटलं.

सुरुवातीला मुलं खूश होती. मग तो प्रसंग आला. दरीत जनावरांचा कळप उधळतो, छावा सिम्बा मध्ये अडकतो, त्याचे वडील मुफासा त्याला वाचवतात. मुफासा कड्यावर चढू लागतात तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ स्कार त्यांना खाली ढकलून देतो. धूळ बसते. सिम्बा वडिलांना हलवून उठवायला बघतो. ते उठत नाहीत.

वर्गात शांतता पसरली. एक-दोन मुली रडू लागल्या, आम्ही त्यांना जवळ घेतलं. दुसरीतला एक मुलगा मात्र रडला नाही. तो बाकाखाली जाऊन बसला. आम्हाला वाटलं, मस्ती करतोय. दटावून वर बसवलं.

सुट्टी संपल्यावर त्याची अम्मी शाळेत आली. त्या मुलाचे अब्बू कुवेतला नोकरीला होते आणि पाच महिन्यांपूर्वी तिकडेच त्यांचा इंतकाल झाला होता. दफनही तिकडेच झालं. मुलानं अब्बूंना शेवटचं पाहिलंच नव्हतं. प्राथमिकच्या शिक्षकांना हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. त्याची अम्मी भांडायला आली नव्हती. ती म्हणाली, "सर, तो झोपत नाही. रात्री उठतो आणि विचारतो, अम्मी, मी सायकलसाठी हट्ट केला म्हणून अब्बू गेले का?"

आम्हाला काही बोलता आलं नाही. कारण सिनेमात वडील गेल्यानंतर लगेच काय होतं, ते आम्हाला आठवलं. स्कार त्या लहानग्या सिम्बाजवळ येतो आणि वडिलांच्या मृत्यूचा सगळा दोष त्याच्याच माथी मारतो. आईला काय वाटेल असं विचारून त्याला घाबरवतो आणि पळून जायला सांगतो. मोठ्या माणसाला तिथं स्कारचा कावा दिसतो. सात वर्षांच्या यतीम मुलाला तिथं आपल्या मनातली भीती कोणीतरी मोठ्यानं बोलून दाखवताना ऐकू आली होती.

प्रमाणपत्र काय सांगतं आणि काय नाही

बहुतेक पालक पहिल्यांदा प्रमाणपत्र बघतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे. १९८३ पासून चार वर्ग आले : ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘यूए’ म्हणजे बारा वर्षांखालील मुलांना पालकांच्या देखरेखीत, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी आणि ‘एस’ म्हणजे डॉक्टरांसारख्या खास प्रेक्षकवर्गासाठी. २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे तीन भाग केले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. मोबाईलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर जे ओटीटी ॲप असतात, त्यांना २०२१ च्या नियमांनुसार असंच वयाचं वर्गीकरण दाखवावं लागतं आणि १३+ व त्यावरच्या गोष्टींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ही सोय फार थोड्या घरांत वापरली जाते. आज इशानंतर पाच मिनिटं काढून ते कुलूप लावून टाका, एवढी विनंती इथंच करून ठेवतो.

परदेशी सिनेमांवर कधी अमेरिकेतली अक्षरं दिसतात. ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी, ‘पीजी’ म्हणजे काही भाग मुलांसाठी योग्य नसू शकतो, पालकांनी बघावं, आणि ‘पीजी-१३’ म्हणजे तेराखालच्या मुलांसाठी पालकांनी जास्तच सावध राहावं.

आता गंमत बघा. १९९४ च्या मूळ ‘लायन किंग’ला अमेरिकेत ‘जी’ मिळालं होतं, म्हणजे सगळ्यात मोकळं प्रमाणपत्र. ते चुकीचं होतं का? नाही. त्यात रक्तपात नाही, अश्लील काही नाही. प्रमाणपत्र देणारे आक्षेपार्ह काय आहे ते मोजतात. तुमच्या चार वर्षांच्या मुलीला काय झेपेल, तुमच्या घरात मागच्या महिन्यात काय घडलं, हे मोजायला त्यांच्याकडे काही साधन नाही. ते काम वालिदैनचंच आहे.

‘मुलांचा’ सिनेमा आणि मृत्यू

आपल्याला वाटतं की मुलांच्या सिनेमात मरण वगैरे नसतं. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. त्यात १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे सगळ्यात जास्त चाललेले ४५ ॲनिमेशन सिनेमे घेतले आणि मोठ्यांच्या ९० सिनेमांशी त्यांची तुलना केली. निघालं असं की मुलांच्या सिनेमात महत्त्वाचं पात्र मरण्याची शक्यता मोठ्यांच्या सिनेमापेक्षा सुमारे अडीचपट जास्त होती. सुमारे दोन तृतीयांश ॲनिमेशन सिनेमांत महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं. आणि मरणाऱ्यांत आई-वडील पुष्कळ.

आठवून बघा. १९४२ च्या ‘बॅम्बी’त शिकारी हरणाच्या पाडसाची आई मारतो. २००३ च्या ‘फाइंडिंग नीमो’त पहिल्या काही मिनिटांतच मोठा मासा येतो, आई जाते आणि शेकडो अंड्यांतलं एकच उरतं. ‘फ्रोझन’मध्ये दोघी बहिणींचे आई-वडील जहाजासह बुडतात. कारण उघड आहे : आई-वडील जवळ असले तर छोटा नायक एकटा बाहेर पडणार कसा आणि गोष्ट घडणार कशी? आपल्या दादी-नानीच्या गोष्टींतही सावत्र आई आणि अनाथ शहजादे असतातच. त्यामुळे हे सिनेमे वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण ‘कार्टून आहे म्हणजे हलकंफुलकंच असणार’ हा समज मात्र सोडून द्यायला हवा.

मूल पडद्यावर काय पाहतं

मोठी माणसं गोष्ट पाहतात. लहान मूल आधी चेहरा, आवाज आणि अंधार पाहतं. अमेरिकेत जोआन कँटर नावाच्या अभ्यासक बाईंनी मुलांच्या भीतीवर बरीच वर्षं काम केलं. त्या काळी टीव्हीवर ‘हल्क’ची मालिका चालायची. त्यात एक भला माणूस रागावला की हिरवा राक्षस बनतो आणि मग लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना कळायचं की हल्क चांगला आहे. पण बालवाडीच्या वयाची मुलं नेमकी त्याच क्षणी घाबरायची, ज्या क्षणी भल्या माणसाचा राक्षस व्हायचा. तो मदत करतोय, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. डोळ्यांनी जे भयानक दिसलं, तेच त्यांच्यासाठी खरं.

यातून वयाचा एक ढोबळ अंदाज बांधता येतो.

दोन वर्षांखालच्या बाळाला सिनेमाची गरजच नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे की पडद्यासमोर दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसवू नये, कमी तर अजून चांगलं. पूर्ण सिनेमा दीड तासाचा. म्हणजे या वयाला सिनेमा दाखवायचाच तर तुकड्यांत.

तीन ते सात वर्षांच्या मुलांना भीती वाटते ती दिसण्याची : मोठे दात, अंधार, अचानक आलेला आवाज, चेहरा बदलणं. आणि दुसरी भीती, अम्मी-अब्बू हरवण्याची. या वयात "अरे, खोटं आहे ते" असं सांगून फारसा उपयोग होत नाही. खरं-खोटं त्याला तोंडपाठ सांगता येतं, पण पोटातली भीती त्यानं जात नाही. मांडीवर घेणं, हात धरणं, दिवा लावणं, पाणी देणं याचा उपयोग शब्दांपेक्षा जास्त होतो. याच वयात आणखी एक गोष्ट असते. मुलाला वाटतं की आपण मनात आणलं किंवा हट्ट केला म्हणून जगात काहीतरी घडलं. भाऊ आजारी पडला, कारण मी त्याला ढकललं होतं. अब्बू गेले, कारण मी सायकल मागितली.

आठ वर्षांनंतर भीतीचं रूप बदलतं. भूत-राक्षसाला मूल हसायला लागतं, पण जे खरोखर घडू शकतं त्याला घाबरतं : आग, अपघात, चोर, आई-वडिलांचं भांडण. या वयाच्या मुलाशी बोलून समजूत घालता येते.

तोच सिनेमा, दोन वेगळे परिणाम

‘लायन किंग’ दुसऱ्यांदा २०१९ मध्ये आला. गोष्ट तीच. फरक असा की पहिला हातानं काढलेल्या चित्रांचा होता, दुसरा संगणकावर असा बनवला की सिंह, तरस, धूळ, सगळं जंगलातल्या माहितीपटासारखं खरं दिसतं. हिंदीत मुफासाला शाहरुख खाननं आणि सिम्बाला त्याचा मुलगा आर्यन यानं आवाज दिला, म्हणून आपल्याकडे तो घरोघरी पाहिला गेला. पहिला सुमारे ८८ मिनिटांचा, दुसरा जवळजवळ दोन तासांचा. आणि अमेरिकेत पहिल्याला ‘जी’, तर दुसऱ्याला हिंसा आणि धोक्याच्या प्रसंगांसाठी ‘पीजी’.

गोष्ट तीच असताना प्रमाणपत्र का बदललं? कारण चित्रातला तरस आणि खरा दिसणारा तरस यांत लहान मुलाच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे. चित्रातल्या सिंहाचे डोळे मोठे, भुवया हलतात, तो रडतो तेव्हा रडताना दिसतो. मुलाला कळतं की ही गोष्ट आहे. दुसऱ्या सिनेमात तो खरा प्राणी वाटतो आणि खरा प्राणी पडून राहतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला दाखवायचाच तर आमच्या मते पहिला बरा, दुसरा आठ-नऊनंतर. नाव एक आहे म्हणून सिनेमा एकच आहे असं समजू नका.

पडदा किती मोठा, यानंही फरक पडतो. थिएटरमध्ये अंधार, आवाज चारही बाजूंनी, आणि उठून जायची सोय नाही. तोच प्रसंग घरी, दिवा लावून, आवाज कमी करून, अम्मीच्या पदराला धरून पाहिला तर निम्मा हलका होतो.

दीनी सिनेमा म्हणजे लहान मुलांचा सिनेमा नव्हे

आपल्या घरांत अजून एक गैरसमज दिसतो. "सर, आम्ही बाहेरचं काही दाखवत नाही, इस्लामी कार्टूनच दाखवतो." नीयत चांगली आहे, पण इथंही डोळे उघडे ठेवावे लागतात.

हजरत बिलाल (रजि.) यांच्या जीवनावरून ‘बिलाल’ नावाचा ॲनिमेशन सिनेमा दुबईच्या एका स्टुडिओनं बनवला, २०१५ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. मेहनत मोठी, विषय आपल्या काळजाजवळचा. पण त्यात गुलामगिरी आहे, छळ आहे, लढाया आहेत, आणि अमेरिकेत त्याला ‘पीजी-१३’ मिळालं. म्हणजे वयाच्या हिशेबानं तो ‘लायन किंग’पेक्षा मोठ्या मुलांचा सिनेमा आहे. तरी पाच वर्षांच्या मुलाला तो ‘आपला सिनेमा’ म्हणून दाखवला जातो.

कुणी म्हणेल, हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर झालेले जुलूम तर आम्ही लहानपणी दादीकडून ऐकले, तेव्हा काही झालं नाही. खरं आहे. पण ऐकण्यात आणि पाहण्यात फरक आहे. दादी सांगते तेव्हा मूल मनात तेवढंच चित्र काढतं जेवढं त्याला झेपतं. तापलेली वाळू म्हटलं की त्याला अंगणातली वाळू आठवते. दादी त्याचा चेहरा बघून गोष्ट आवरतीही घेते. पडदा मूल बघून थांबत नाही. म्हणून सहा वर्षांपर्यंत सीरतच्या आणि सहाबांच्या गोष्टी तोंडानं सांगाव्यात, पुस्तकातून वाचाव्यात. पडद्यावर नंतर आणायला भरपूर वर्षं आहेत.

दुसरा प्रश्न अकीद्याचा. १९९८ चा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा हजरत मूसा (अलै.) यांच्यावरचा गाजलेला ॲनिमेशन सिनेमा. चित्रं देखणी, गोष्ट आपल्या ओळखीची. पण त्यात नबींना पात्र म्हणून चित्रात दाखवलं आहे, आणि याच कारणावरून मलेशिया आणि मालदीवमध्ये त्यावर बंदी आली होती. याउलट २००२ च्या ‘मुहम्मद : द लास्ट प्रॉफेट’ या सिनेमात प्यारे नबी (स.) यांना पडद्यावर अजिबात दाखवलेलं नाही. या दोन सिनेमांतला फरक मोठ्या मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. चित्र, तसवीर, टीव्ही याबाबत आपल्या उलमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक घर आपापल्या आलिमांना विचारून चालतं. त्यात आम्ही शिरत नाही. ज्या घरात सिनेमा पाहिला जातो, तिथं तो निवडून पाहिला जावा, एवढाच आमचा मुद्दा.

‘लायन किंग’मध्येही एक जागा अशी आहे. गेलेले राजे आकाशातल्या ताऱ्यांतून आपल्याकडे बघतात, असं सिम्बाला सांगितलं जातं, आणि पुढे ढगांमध्ये त्याला वडील दिसतात. आपलं मूल विचारणारच, "अब्बू पण ताऱ्यात आहेत का?" इथं गप्प बसू नये आणि रागावूही नये. साध्या शब्दांत सांगावं की ही सिनेमाची गोष्ट आहे. आपण मानतो की गेलेली माणसं अल्लाहकडे जातात, आपण त्यांच्यासाठी दुआ करतो आणि इन्शाअल्लाह आखिरतमध्ये भेट होईल. चार वाक्यं पुरतात. सिनेमानं प्रश्न उभा केला, उत्तर घरानं दिलं, यात नुकसान काहीच नाही. उत्तर घरानं दिलं नाही, तर सिनेमाचंच उत्तर मनात राहतं.

दाखवण्याआधी सहा प्रश्न

कुठलाही सिनेमा लावण्याआधी तो आपण पाहावा. पूर्ण पाहायला वेळ नसेल तर सुरुवातीची दहा मिनिटं, मधली दहा आणि शेवटची वीस पाहावीत. दुःखाचे आणि भीतीचे प्रसंग बहुधा याच तीन ठिकाणी असतात. पाहताना पुढचे प्रश्न मनात ठेवावेत.

पहिला : कोण मरतं, आणि ते पडद्यावर दिसतं का? नुसतं सांगितलं जाणं आणि डोळ्यांसमोर घडणं यात फरक आहे.

दुसरा : मूल आई-वडिलांपासून तुटतं का, आणि किती वेळ तुटलेलं राहतं? ‘नीमो’मध्ये बाप-लेकाची ताटातूट जवळजवळ सिनेमाभर चालते. ज्या मुलाची शाळा नुकतीच सुरू झाली आहे आणि जो रोज गेटवर रडतो, त्याला हा सिनेमा सहा महिन्यांनी दाखवा. गोष्टीतला नीमोही शाळेच्या पहिल्याच दिवशी पकडला जातो, हे लक्षात असू द्या.

तिसरा : भीतीनंतर आसरा किती लवकर मिळतो? ‘लायन किंग’मध्ये वडील गेल्यावर थोड्याच वेळात टिमॉन आणि पुम्बा भेटतात आणि मुलं हसू लागतात. बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं आहे. ज्या सिनेमात भीतीमागून भीती येत राहते, तो लहानांचा नाही.

चौथा : दोष कोणावर टाकला जातो? हा प्रश्न आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. वाईट घडलं ते मुलामुळे, असं कुठलं पात्र म्हणत असेल, तर ते खोटं आहे हे पुढे स्पष्ट होतं का, आणि तिथपर्यंत आपलं मूल बसून राहील का?

पाचवा : मूल कशाची नक्कल करेल? भीतीपेक्षा हा प्रश्न रोजचा आहे. जाड्या पात्राला चिडवणं, मोठ्यांना उलट बोलणं, उंचावरून उडी मारणं. चार वर्षांचं मूल दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून उडी मारतं, तेव्हा ते सिनेमाच सांगत असतं. दुसरीकडे चांगल्याचीही नक्कल होते. नीमोचा एक पर लहान आहे आणि तरीही तो पोहतो. हा सिनेमा पाहून वर्गात अपंग मुलाकडे बघण्याची नजर बदललेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

सहावा, आणि सगळ्यात महत्त्वाचा : आपल्या मुलाच्या आयुष्यात आत्ता काय चाललं आहे? घरात कोणाचा इंतकाल झाला आहे का? अब्बू नुकतेच सौदीला गेलेत का? अम्मी दवाखान्यात आहे का? नवीन बाळ आलं आहे का? जो सिनेमा एका मुलासाठी निव्वळ मौज आहे, तोच शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलासाठी जखमेवरचं बोट असू शकतो. म्हणून सात भावंडं ईदला नानीकडे जमली आणि सगळ्यांना एकच सिनेमा लावला, तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात हळवं मूल कोण, ते बघून सिनेमा निवडावा. मोठ्यांना थोडं कंटाळवाणं झालं तरी चालेल.

पाहताना आणि पाहून झाल्यावर

पहिल्यांदा पाहताना मूल एकटं नसावं. तुम्ही स्वयंपाकघरात आणि मूल मोबाईलसमोर, याला सिनेमा पाहणं म्हणता येणार नाही. रिमोट तुमच्या हातात असू द्या. मुलानं कान झाकले, उशी तोंडावर घेतली, एकाएकी पाणी मागितलं किंवा बाकाखाली जाऊन बसलं, तर तो सांगतोय की पुरे झालं. थांबवा. "भित्रा कुठला" असं म्हणू नका, विशेषतः मुलग्यांना. आपल्या घरांत मुलग्यांनी रडू नये असं फार लवकर शिकवलं जातं. प्यारे नबी (स.) यांच्या डोळ्यांत आपल्या छोट्या मुलाच्या, हजरत इब्राहीम यांच्या इंतकालाच्या वेळी अश्रू आले होते, हे आपल्या मुलग्यांना सांगितलं पाहिजे.

झोपण्याआधी नवा सिनेमा नको. असर आणि मगरिबच्या मधली वेळ बरी, म्हणजे नंतर खेळ, जेवण, गप्पा होतात आणि मन निवळतं.

पाहून झाल्यावर परीक्षा घेऊ नये. "काय शिकलास?" असं विचारलं की मूल पाठ केलेलं उत्तर देतं. त्याऐवजी विचारा, "तुला कोण आवडलं? कुठं भीती वाटली? तू तिथं असतास तर काय केलं असतंस?" आणि मग ऐका. कागद-रंग दिले तर आणखी चांगलं. जे बोलता येत नाही ते लहान मुलं चित्रात काढतात. दोन-तीन रात्री झोप बिघडली तर घाबरू नये, जवळ झोपावं. आठवड्यापेक्षा जास्त चाललं, मूल शाळेला नको म्हणू लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटण्यात कमीपणा मानू नये. नजर उतरवून ठेवली म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नये.

आणि तो मुलगा

त्या दिवशी त्याची अम्मी समोर बसली होती, तेव्हा आम्ही आधी माफी मागितली. मग तिला विचारलं, अब्बूंच्या इंतकालाबद्दल मुलाशी कोणी बोललं होतं का? ती म्हणाली, "काय बोलणार सर? चाचा म्हणाले, लहान आहे, विसरेल. त्याच्यासमोर आम्ही नावसुद्धा काढत नाही." म्हणजे सायकलची ती गोष्ट सिनेमानं त्याच्या डोक्यात घातली नव्हती. ती पाच महिने तिथंच होती. घरात सगळे गप्प होते, म्हणून मुलानं आपल्या मनानं उत्तर शोधून ठेवलं होतं. सिनेमानं ते फक्त बाहेर काढलं.

आम्ही तिला सांगितलं की त्या दिवशी वर्गात सिनेमा अर्ध्यावरच बंद झाला होता. शेवट मुलांनी पाहिलाच नाही. शेवटी सिम्बा मोठा होऊन परत येतो आणि स्कारच्या तोंडूनच खरं बाहेर पडतं की वडिलांना त्यानं मारलं होतं. सिम्बाचा काहीच दोष नव्हता. इतकी वर्षं त्यानं उगाच ते ओझं वाहिलं. आमच्या मुलाला दोष मिळाला होता, सुटका मिळालीच नव्हती.

तिनं लगेच सिनेमा दाखवला नाही, आम्हीही तसा आग्रह धरला नाही. आधी ती त्याच्याशी बोलली. अब्बू कसे आजारी पडले, तिकडे कुठं दफन झाले, त्यांचा शेवटचा फोन कधी आला, त्यात ते सायकलबद्दल काय म्हणाले होते. सायकल घेऊन द्यायचं त्यांनी ठरवलंच होतं, हेही सांगितलं. मायलेकांनी मिळून अब्बूंसाठी दुआ केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी मुलानं स्वतःच विचारलं, "अम्मी, त्या सिंहाचं पुढे काय झालं?" तेव्हा दोघांनी बसून उरलेला भाग पाहिला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आम्हाला व्हरांड्यात भेटला. सलाम केला आणि म्हणाला, "सर, त्याची चूक नव्हती." एवढं बोलून तो वर्गाकडे पळाला.

तेव्हापासून आमच्या शाळेत एक नियम आहे. कोणत्याही वर्गाला सिनेमा दाखवण्याआधी दाखवणाऱ्या शिक्षकानं तो स्वतः पाहायचा आणि वर्गशिक्षकांना विचारायचं, या मुलांच्या घरी सध्या काय चाललं आहे? घरातही हा नियम पाळायला काही अवघड नाही. प्यारे नबी (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले आणि सहाव्या वर्षी आई. त्यांची उम्मत म्हणवणाऱ्या आपण, निदान एका लहान मुलाला पडद्यासमोर बसवण्याआधी, त्याच्या मनात डोकावून पाहायला हवं.